खाजगी तुरुंग आणि गोकाकची वसाहत

पावसाळ्यात चोर्ला घाटातून बेळगावला आणि तिथून पुढे गोकाकला जाणारे गोमंतकीय पुष्कळ. घटप्रभेचा धबधबा पाहायचा, झुलत्या पुलावरून चालायचे आणि येताना करदंट घ्यायचे. या धबधब्यालगत 1880च्या दशकात, त्याच्याच पाण्याच्या जोरावर एक सूतगिरणी सुरू झाली. पुढे तिच्या जवळ आणखी एक वस्ती उभी राहिली, ती मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. तथाकथित ‘गुन्हेगार जमातीं’ची सेटलमेंट!

तुरुंग नफ्यासाठी खाजगी कंपन्यांना चालवायला द्यावेत का, असा वाद जगभर चालतो. अमेरिकेत 1983 साली त्यासाठी कंपनी निघाली, ब्रिटनमध्ये 1992 साली पहिला खाजगी तुरुंग सुरू झाला. आपल्याकडे हिंडलग्यापासून कोलवाळपर्यंत तुरुंग सरकारीच, त्यामुळे हा वाद आपल्याला परका वाटतो. पण बंदिस्त माणूस आणि कंपनीचा नफा यांची गाठ बेळगाव जिल्ह्यात पूर्वीच पडली होती.

इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, कोरवी, पारधी अशा जमातींतली माणसे जन्मानेच संशयित ठरली. आरोप नाही, खटला नाही, तरी बायकामुलांसह वसाहतीत राहायचे. रोज हजेरी द्यायची, बाहेर जायला पास काढायचा. मग यांना काम कुठे द्यायचे? जिथे मजूर हवेत तिथे! सोलापूरच्या वसाहतीतले लोक तिथल्या कापडगिरण्यांत जात, गोकाकचे धबधब्यावरच्या गिरणीत.

या वसाहतींचे अधिकारी स्टार्ट हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. दलित व आदिवासींच्या स्थितीविषयी 1930 साली अहवाल देणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. कामाने माणूस सुधारतो, अशी स्टार्ट यांची श्रद्धा होती. वसाहतींत शाळा होत्या, गिरणीत मजुरीही मिळे. पण साधा मजूर न पटल्यास गाव सोडतो, दुसरी गिरणी धरतो. वसाहतीतल्याला ती मुभाच नव्हती. मालकाला याहून सोयीचा कामगार कोणता?

खरी मेख इथेच आहे. कैदी सुधारून घरी जावा, तो परत येऊ नये, यात तुरुंगाचे यश. ज्याचे पोट कैद्यांच्या संख्येवर भरते, त्याला मात्र रिकामी कोठडी म्हणजे तोटा. माणसे चांगली असली तरी हिशेब बदलत नाही. सरकारी तुरुंगांतही गर्दी आहे, गैरप्रकार आहेत, हे खरे. पण त्याचा जाब निदान विधानसभेत विचारता येतो.

मुंबई प्रांतात तो कायदा 1949 साली गेला, देशभरातून 31 ऑगस्ट 1952 रोजी. विमुक्त समाज आजही तो दिवस पाळतो. कपाळावरचा शिक्का मात्र कायद्याबरोबर पुसला गेला नाही. पुढच्या वेळी गोकाकला गेलात, तर धबधबा पाहून झाल्यावर गिरणीकडेही क्षणभर बघा.