भात्यापासून आकड्यापर्यंत : वादकाच्या पावलांचा इतिहास

वाद्यांचा इतिहास आपण बहुधा बोटांच्या बाजूने लिहितो. कोणाची बोटे पट्ट्यांवरून कशी फिरत, कोणाच्या तारेतून मींड कशी निघे, याची वर्णने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात. त्या वेळी वादकाचे पाय काय करीत होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला वाटते, पायांचाही एक इतिहास आहे. तो युरोपातील मंदिरांत सुरू होतो, मराठी रंगभूमीवरून जातो आणि आज जळगाव-धुळ्याच्या एखाद्या वाद्यवृंदात गिटारवादकाच्या पुढ्यात ठेवलेल्या, बटणांच्या उतरत्या पाटीपाशी येऊन थांबतो. या पाटीला वादक ‘मिडी फूट कंट्रोलर’ म्हणतात. गिटारचा आवाज घडविणारे यंत्र, म्हणजे इफेक्ट्स प्रोसेसर, बाजूला असते आणि पाटी त्याला पायाने आज्ञा देते. हे साधन नवे दिसते, पण त्यामागची गरज फार जुनी आहे.

ती गरज एका वाक्यात सांगता येईल : दोन्ही हात अडकले की पाय पुढे येतो.

पाश्चात्त्य चर्चमधील पाइप ऑर्गनच्या वादकाचे दोन्ही हात पट्ट्यांवर गुंतलेले असत. खर्जाचे स्वर पायपट्ट्यांवर वाजत. पुढे पायांकडे आणखी दोन कामे आली. पहिले काम आवाज लहानमोठा करण्याचे. १७१२ साली लंडनच्या सेंट मॅग्नस चर्चमधील ऑर्गनमध्ये अब्राहम जॉर्डन यांनी काही नळ्या पेटीत बंद करून त्या पेटीचे दार वादकाने पायाने उघडावे-मिटावे अशी योजना केली. दार उघडले की सूर फुलत जाई, मिटले की दूर गेल्यासारखा वाटे. दुसरे काम स्वररंग बदलण्याचे. पॅरिसच्या सेंट क्लोटिल्ड चर्चमध्ये १८५९ साली आरिस्तीद काव्हाये-कॉल यांनी बांधलेल्या ऑर्गनचे उद्घाटन झाले. सेझार फ्रांक हे थोर रचनाकार १८९० साली मृत्यू येईपर्यंत तेथे वादक होते. त्या ऑर्गनमध्ये पायाने दाबायच्या अशा कळा होत्या की एका दाबासरशी नळ्यांचा एक संपूर्ण समूह वादनात सामील होई किंवा बाजूला सरे. हात पट्ट्यांवरून न उचलता वाद्याचा सारा रंग पालटे.

ही दोन कामे वाचकांनी ध्यानात ठेवावीत : एक, आवाजाचा चढउतार, दोन, रंगाचा पालट. आजच्या फूट कंट्रोलरमध्ये नेमकी हीच दोन कामे आहेत, तिसरे जवळजवळ नाही.

पाइप ऑर्गन हे मोठ्या मंदिराचे वाद्य. खेड्यापाड्यांत ते नेणे शक्य नव्हते. पॅरिसचे अलेक्झांडर दब्याँ यांनी १८४२च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केले, तेव्हा भात्याचे काम वादकाच्या पायांकडे आले. हीच आपली पायपेटी. मिशनऱ्यांबरोबर तिचे घडीचे, उचलून नेण्याजोगे प्रकारही हिंदुस्थानात आले. त्या हार्मोनियममध्ये एक खुंटी होती आणि तिचे नावच ‘एक्स्प्रेशन’ असे होते. ती ओढली की हवेचा साठा मधून निघून जाई आणि पायाचा दाब थेट सुरापर्यंत पोहोचे. पाऊल हलके पडले तर सूर हलका, पाऊल दाबले तर सूर भरदार. वादकाच्या मनातील भाव पायांतून उतरे, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा होणार नाही. यंत्राची रचनाच तशी होती.

हिंदुस्थानात या पायपेटीचे भाग्य वेगळ्या वळणाने गेले. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास हाताने भाता मारण्याची पेटी घडविली. आपले गायन-वादन बैठकीवर चालते आणि आपल्या संगीतात एका वेळी एकच सुरावट असते. तिला एक हात पुरेसा होतो. दुसरा भात्यावर ठेवता येतो. पाय मांडी घालून स्वस्थ बसले. कीर्तनात, भजनात, मैफलीत हातपेटी रुजली. पायांचे काम राहिले ते चर्चमधील बहुस्वरी गीतांत आणि मराठी संगीत रंगभूमीवर.

आपल्या रंगभूमीवरील ऑर्गन हा याच कुळातला, पायाने भाता चालविण्याचा. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली स्थापन झाली. तिच्या वैभवकाळात हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर साथीला असत. खानदेशाला या परंपरेविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असे कारण आहे. बालगंधर्वांच्या बालपणीचा काही काळ जळगावात गेला आणि गाण्याचे आरंभीचे धडे त्यांनी तेथेच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. पुढे त्यांच्या पदांना भरदार आस देणारा ऑर्गन ज्या पायांनी श्वास घेत होता, त्या पायांची आठवण मात्र प्रेक्षकांना क्वचितच झाली असेल.

गिटार आली आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला. गिटारवादकाचा डावा हात दांडीवर, उजवा तारांवर. एकही हात मोकळा नाही. त्यातून ती विजेवर चालू लागली तेव्हा तिच्या आवाजावर संस्कार करणारी यंत्रे निघाली. १९६२ साली आवाज खरखरीत करणारे मॅस्ट्रो कंपनीचे ‘फझ-टोन’ बाजारात आले. १९६६ साली कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीत ‘वा-वा’ पेडल जन्मले. त्याची कथा आमच्या विषयाला फारच पूरक आहे. त्या मंडलाचा पहिला नमुना व्हॉक्स ऑर्गनच्या आवाज कमीअधिक करण्याच्या पायपट्टीत बसविलेला होता. म्हणजे गिटारवादकाने पाय ठेवला तो ऑर्गनवादकाच्या पट्टीवरच!

पुढच्या वीस वर्षांत अशा पेट्यांची संख्या वाढत गेली. प्रत्येक परिणामासाठी वेगळी पेटी, वेगळी वायर. गाण्याच्या अंतऱ्याला तीन पेट्या एकदम चालू आणि दोन बंद करायच्या, तर वादकाने फुगडी घालावी काय? मग अनेक परिणाम एकाच प्रोसेसरमध्ये आले आणि त्यांच्या मांडण्या स्मृतीत साठविता येऊ लागल्या. पण प्रोसेसर रंगमंचाच्या कडेला कपाटात आणि वादक पुढे माइकपाशी. त्या दोहोंना जोडणारी भाषा हवी होती.

ती भाषा म्हणजे ‘मिडी’. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतील अनाहाइम येथील वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शिअल कंपनीचे प्रॉफेट-६०० आणि जपानच्या रोलँड कंपनीचे ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्ध्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली. एकावर वाजविले की दुसरे बोलू लागले. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे या कार्याचे अग्रणी. २०१३ साली दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. आम्हांला यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की हे प्रमाण कोणा एकाच्या मालकीचे ठेवले गेले नाही. कोणत्याही कारखानदाराने ते विनाशुल्क वापरावे अशी मुभा राहिली. म्हणूनच आज एका कंपनीची पाटी दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरला आज्ञा देऊ शकते.

त्याआधी एकच वर्ष, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतील गिटारवादकाने रोलँडचीच तीन यंत्रे घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली होती. यंत्रांना एकमेकांशी बोलते करण्याची ओढ आपल्याकडेही किती ताजी होती, याची ती साक्ष आहे.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. जातात ते केवळ आकडे. खानदेशातील वाचकांना हे समजावून देण्यासाठी ऑक्टोपॅडचे उदाहरण पुरेसे आहे. लग्नाच्या वरातीत आणि ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आज घरच्यासारखा झाला आहे. १९८५ साली निघालेला मूळ ऑक्टोपॅड, पॅड-८, स्वतः कोणताच आवाज काढीत नसे. काठीचा ठोका पडला की तो दुसऱ्या यंत्राला आकडा पाठवी आणि ढोल वाजे तो त्या दुसऱ्या यंत्रात. फूट कंट्रोलर हे त्याचेच भावंड आहे. काठीच्या जागी पाऊल, इतकाच भेद.

वादकाने बटण दाबले की ‘प्रोग्रॅम चेंज’ नावाची आज्ञा निघते : अमुक वाहिनीवरील यंत्राने अमुक क्रमांकाची मांडणी लावावी. वाहिन्या १६, क्रमांक १२८. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, त्यामुळे अशी आज्ञा एका मिलिसेकंदाच्या आतच पोहोचते. पायपट्टी हलविली की ‘कंट्रोल चेंज’ या आज्ञा निघतात. पट्टी टाचेकडे पूर्ण झुकली तर ०, पंजाकडे पूर्ण झुकली तर १२७. आता नवल पाहा. या आज्ञांच्या अधिकृत यादीत अकराव्या क्रमांकाला नाव दिले आहे ते ‘एक्स्प्रेशन’. दब्याँच्या काळच्या हार्मोनियमच्या खुंटीचे नाव असे विजेच्या भाषेत उतरले. आणि पहिली आज्ञा म्हणजे फ्रांक यांच्या पायाखालची ती कळच की! रंगाचा पालट आणि आवाजाचा चढउतार, ही दोन जुनी कामे आकड्यांची वस्त्रे लेवून परत आली आहेत.

व्यवहारात या साधनाचे काही स्वभावविशेष आहेत आणि ते आमच्या तरुण वादकांना ठाऊक असावेत. पाटी आणि प्रोसेसर यांची वाहिनी एकच असावी लागते, नाही तर पाऊल पडते आणि काहीच घडत नाही. काही कारखानदार क्रमांक ० पासून मोजतात, काही १ पासून. म्हणून पाटीवरील १२ हा प्रोसेसरमध्ये १३ निघू शकतो. अनेक प्रोसेसरांत मांडणी बदलताना आवाजात क्षणभर पोकळी पडते. जाणता वादक म्हणूनच ओळीच्या शेवटी, गायक श्वास घेतो तेथे, पाऊल टाकतो. मिडीच्या प्रमाणात आणखी एक सोय आहे : आज्ञा घेणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी ती विजेऐवजी प्रकाशाच्या साह्याने आत जाते, त्यामुळे मिडीच्या तारेमुळे दोन यंत्रांत विजेचा गुणगुणाट शिरत नाही. जेथे मंडपातील वीज कोठून घेतली आहे याची खात्री नसते, तेथे ही सोय लहान नव्हे.

चर्चच्या गायनवृंदाला हे साधन शोभेल काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि उपासनेला साजेशी असतील किंवा साजेशी करता येतील अशा इतर वाद्यांनाही दार उघडे ठेवले. जळगाव-धुळ्याचा प्रदेश ज्या नाशिक धर्मप्रांतात येतो, तो १९८७ साली स्थापन झाला. त्याच्या उभारणीच्या काळात मराठी भक्तिगीते आणि गिटार हे काही परके राहिले नव्हते. प्रश्न यंत्राचा नसून मात्रेचा आहे. एका पावलाने गर्जना करता येते, तसेच त्याच पावलाने आवाज प्रार्थनेइतका खाली आणता येतो.

पण आम्हांला खरी चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे यांचे निधन झाले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेली दप्तरे त्याच शहरातील संशोधन मंडळाने सांभाळली. चिठ्ठ्याचपाट्या, हिशेबाच्या वह्या, ज्यांना कोणी किंमत देत नव्हते अशा कागदांतून इतिहास उभा राहतो, हा त्या मंडळाचा धडा. आता विचार करा : मिडीची आज्ञा म्हणजे केवळ ‘१२’ हा आकडा. त्या बारावर कोणता आवाज होता, किती प्रतिध्वनी होता, कोणत्या गीताच्या कोणत्या ओळीला तो लावायचा, हे प्रोसेसरच्या स्मृतीत आणि वादकाच्या डोक्यात असते. काही जुन्या यंत्रांची स्मृती एका लहान बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की सारे पुसले जाते. यंत्र भंगारात गेले की आकडा उरतो आणि अर्थ जातो.

पायपेटी मोडली तरी तिच्या पाकळ्या पाहून तिचा आवाज कसा असेल, हे जाणकार सांगू शकतो. मृत प्रोसेसर काहीच सांगत नाही. अहिराणी गीतांना गिटार आणि कीबोर्डची साथ देणारे वाद्यवृंद, कानबाईच्या उत्सवातील ध्वनिक्षेपकांवरचे सूर, चर्चमधील गायनवृंद यांनी खानदेशच्या ध्वनीचा एक काळ घडविला आहे. तो काळ कोणत्याही दप्तरात नाही.

उपाय साधा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. प्रत्येक वादकाने एक वही ठेवावी. डावीकडे क्रमांक, मध्ये गीताचे नाव व ओळ, उजवीकडे मांडणीचा तपशील आणि यंत्राचे नाव. वर तारीख व गाव. यंत्रातील स्मृतीची प्रत संगणकावर काढता येत असेल तर तीही काढावी, पण वही सोडू नये. कारण आजचा संगणक उद्या ती प्रत वाचेलच असे नाही, अक्षर मात्र वाचता येते. एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने आज जळगावात, उद्या धुळ्यात वाजविणाऱ्या वादकाला ही वही कामाच्या रात्रीही उपयोगी पडेल. भाड्याने मिळालेल्या परक्या प्रोसेसरवर तो आपला आवाज तिच्यावरून पुन्हा उभा करू शकेल.

हरिभाऊंच्या पायांनी भात्यात हवा भरली तिची नोंद कोणी ठेवली नाही, कारण ती हवा होती. आजच्या वादकाचे पाऊल आकडा पाठविते, आणि आकडा लिहून ठेवता येतो. ही सोय आपल्या पिढीला प्रथमच लाभली आहे. तिचा उपयोग न करणे हा आळस ठरेल.