खाऱ्या पाण्याची वाट

नरकचतुर्दशीच्या पहाटे ऊन पाण्याचा तांब्या डोक्यावर घेताना हे पाणी आले कोठून, असा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. आणि मोरीतून ते गेले कोठे, हा विचार तर मुळीच येत नाही. डोळ्यांआड झाले की पाणी संपले, अशी आपली समजूत असते. याच समजुतीपायी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याला आणि त्याच्या शेजाऱ्यांना काय काय शिकावे लागले, त्याची ही हकीकत आहे.

तिची सुरुवात मिठापासून होते. ॲपलेचियन डोंगरांच्या पश्चिमेकडील मुलखाला समुद्र नाही. परंतु जमिनीच्या पोटात खारे पाणी विपुल आहे. १८०८ साली कनावा नदीच्या काठी रफनर बंधूंनी खडकात भोक पाडून ते वर काढले आणि पाहता पाहता तेथे मिठाच्या भट्ट्या पेटल्या. या पाण्याबरोबर कधी कधी काळे, ओशट तेलही वर येई. मीठवाल्यांच्या लेखी ती नसती ब्याद! ते तेल सरळ नदीत सोडून देत. पाण्यावर तवंग असा पसरे की नावाडी त्या नदीला ‘तेलकट म्हातारी’ म्हणू लागले. पिट्सबर्गजवळ टॅरेन्टमच्या मिठाच्या विहिरींतही तेल येऊ लागले. सॅम्युएल कीर या व्यापाऱ्याने मात्र ते बाटल्यांत भरून औषध म्हणून विकायला काढले. पुढे ऑगस्ट १८५९ मध्ये एडविन ड्रेकने टायटसव्हिल येथे साडेएकोणसत्तर फुटांवर तेल गाठले, तेही मिठाच्या विहिरी पाडण्यात मुरलेल्या कारागिराच्या हातून. पारडे फिरले. तेल मोलाचे झाले आणि खारे पाणी ब्याद ठरले. ब्याद टाकण्याची जागा मात्र तीच राहिली.

दीडशे वर्षांनी हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. पेन्सिल्व्हेनियाखाली सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा मार्सेलस नावाचा काळा खडक आहे. त्यात नैसर्गिक वायू कोंडलेला आहे, हे भूगर्भशास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण खडक इतका घट्ट की वायू बाहेर पडत नसे. २००४ साली वॉशिंग्टन परगण्यातील एका विहिरीत वाळू व रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने सोडून तो खडक फोडण्यात आला आणि वायूचा मार्ग मोकळा झाला. अशा एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी लागते. त्यातले थोडेच परत वर येते, पण येते ते त्या प्राचीन समुद्राचा खार घेऊन. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या पाण्यात ते कित्येकदा त्याच्या पाचपट भरतात. त्यांत बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड आणि किरणोत्सर्गी रेडियमही असते.

मग कायदा काय करीत होता? तो होता, पण त्याला खिंडारे होती. विहिरीवरचे पाणी थेट नदीत सोडू नये, असा नियम केंद्र सरकारने १९७९ सालीच केला होता. मात्र १९८० साली काँग्रेसने तेल-वायूच्या विहिरींतील टाकाऊ पदार्थ ‘घातक’ कचऱ्याच्या कायद्यातून तूर्त वगळले आणि १९८८ साली ती सवलत कायम झाली. शिवाय थेट नदीत सोडायचे नाही, पण शहराच्या सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रात न्यायला कोणाची ना होती? टँकरच्या रांगा तिकडे वळल्या. ही केंद्रे घाण काढण्यासाठी बांधलेली. विरघळलेले मीठ त्यांना काढता येत नाही. एका दाराने आलेले खारे पाणी दुसऱ्या दाराने नदीतच जाई.

ऑक्टोबर २००८ मध्ये मोनोंगहेला नदी आटली होती. तेव्हा तिच्या पाण्यातील क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे गेले. दोष वायूच्या पाण्याचा किती आणि कोळशाच्या खाणींचा किती, यावर वाद झाला; पण या नदीचे पाणी लाखो लोक पितात, तेव्हा वाद मिटेपर्यंत थांबणे शक्य नव्हते. केंद्रांनी आपल्या रोजच्या प्रवाहाच्या एक टक्क्याहून अधिक असे पाणी घेऊ नये, असा हुकूम राज्याने काढला. ऑगस्ट २०१० मध्ये नव्या केंद्रांना ५०० मिलिग्रॅमची मर्यादा घालण्यात आली. जुन्यांना सूट मिळाली. दरम्यान ब्रोमाइडची नवी काळजी उभी राहिली होती. पिण्याच्या पाण्यात क्लोरिन घातला की ब्रोमाइडपासून आरोग्याला अपायकारक संयुगे तयार होतात. अखेर एप्रिल २०११ मध्ये राज्याने वायू काढणाऱ्या कंपन्यांना १९ मेपर्यंत हे पाणी त्या केंद्रांकडे नेणे थांबविण्याचे आवाहन केले. ते आवाहन होते, कायदा नव्हे. तरी बहुतेकांनी ते मानले. शहरांच्या सांडपाणी-केंद्रांत असे पाणी नेण्यास केंद्र सरकारने बंदी घातली ती जून २०१६ मध्ये. बैल गेल्यावर झोपा केला, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. २०१३ साली ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्लॅकलिक ओढ्याचा गाळ तपासला. खारे पाणी शुद्ध करणाऱ्या एका कारखान्याच्या तोंडाशी रेडियमचे प्रमाण वरच्या अंगापेक्षा सुमारे दोनशे पट निघाले. पाणी वाहून गेले होते, गाळाने मात्र आठवण ठेवली होती.

नदी बंद झाल्यावर बरेचसे पाणी नव्या विहिरींत पुन्हा वापरले जाऊ लागले, ही खरी प्रगती. उरलेल्यातले पुष्कळसे शेजारच्या ओहायोत खोल विहिरींतून जमिनीत दाबले जाई. मार्च २०११ पासून तेथील यंग्सटाऊनला लहान लहान धक्के बसू लागले आणि ३१ डिसेंबरला ४.० प्रतीचा भूकंप झाला. लोक चकित झाले. पण इतिहासाला यात नवल नव्हते. १९६२ साली डेन्व्हरजवळ अमेरिकन लष्कराने रासायनिक सांडपाणी बारा हजार फूट खोल सोडले होते आणि त्याच वर्षी तेथे धक्के सुरू झाले होते. डेव्हिड एव्हान्स या भूगर्भशास्त्रज्ञाने १९६५ साली त्या दोहोंचा मेळ घालून दाखविला आणि पुढच्या वर्षी पाणी सोडणे थांबले. हा धडा पुस्तकांत होता. तो विहिरीपाशी पोहोचायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. ओहायोने आपले नियम २०१२ मध्ये कडक केले.

पेन्सिल्व्हेनियाच्या राज्यघटनेत १९७१ सालापासून एक कलम आहे. शुद्ध पाणी हा लोकांचा हक्क आहे आणि निसर्गसंपत्ती ही पुढे जन्मणाऱ्या पिढ्यांचीही ठेव आहे, असा त्याचा आशय. वायूच्या विहिरींना मोकळे रान देणाऱ्या २०१२ च्या कायद्यातील काही तरतुदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये रद्द केल्या, तेव्हा तीन न्यायमूर्तींनी याच कलमाचा आधार घेतला. कलम चाळीस वर्षे कागदावर होते; ते कामी आले, कारण काही गावांनी न्यायालयाची पायरी चढण्याचे मनावर घेतले.

मीठवाल्यांनी तेल टाकले, वायूवाल्यांनी मीठ टाकले. दोघेही वाईट माणसे नव्हती. हवे ते वर काढताना नको ते कोठे जाईल, हे विचारायला त्यांना कोणी भाग पाडले नाही, इतकेच. नियम म्हणजे तरी दुसरे काय? मोरीतून गेलेले पाणी कोणाच्या तरी घागरीत येते, याची सर्वांनी मिळून ठेवलेली आठवण.