टकळी आणि प्राकृत शब्दार्थ

प्राचीन भाषेच्या अध्ययनास कोश आणि व्याकरण ही दोन साधने सर्वमान्य आहेत. हस्तकौशल्याचा एखादा छंद या साधनांना पूरक ठरतो काय, याचा विचार प्रस्तुत टिपणात सूतकताईच्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव पैठणच्या खाली, गोदावरीच्या खोऱ्यात वसले आहे. या प्रदेशातील कापडाचा व्यापार प्राचीन आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांचा उल्लेख असून तगरहून जाडे व तलम कापड भडोचला जात असे, अशी नोंद आहे.

याच गावी प्रस्तुत लेखकाने केवळ छंद म्हणून टकळी हाती घेतली. धातुपाठात ‘कृत्’ हा धातू दोनदा येतो: एकदा छेदन या अर्थी, एकदा वेष्टन या अर्थी. मराठीतील ‘कातरणे’ पहिल्याशी आणि ‘कातणे’ दुसऱ्याशी संबद्ध आहे. परंतु कातण्याला ‘वेष्टन’ का म्हणावे, हे पाठांतराच्या काळात कधी उमगले नव्हते. टकळी फिरवली की पेळूतील तंतू एकमेकांभोवती वेढले जातात. मग तयार सूत टकळीवरच गुंडाळावे लागते. दोन्ही क्रिया वेष्टनाच्याच होत. सूत दहा वेळा तुटल्यावर हा अर्थ पुन्हा विसरला गेला नाही.

दुसरे उदाहरण नाशिकच्या लेण्यांतील आहे. नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या प्राकृत लेखात गोवर्धन येथील दोन ‘कोलिकनिकायां’कडे, म्हणजे विणकरांच्या श्रेणींकडे, अनुक्रमे २००० आणि १००० कार्षापण ठेव ठेवल्याचे सांगितले आहे. पहिल्या ठेवीचे व्याज दरमहा शेकडा १. वर्षाचे २४० होतात आणि त्यांतून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळतात. ठेव विणकरांकडे, व्याज वस्त्रासाठी, असा हा व्यवहार आहे. येथील ‘कोलिक’ म्हणजे विणकर. हेमचंद्राच्या ‘देशीनाममाले’त ‘कोलिअ’ शब्दाचे विणकर आणि जाळे करणारा कीटक असे दोन्ही अर्थ दिले आहेत. मराठीत विणकर हा अर्थ लोपला, कीटक मात्र ‘कोळी’ म्हणून उरला.

तथापि येथे सावधपणा आवश्यक आहे. केवळ नामसादृश्यावरून मासेमारी करणाऱ्या कोळी समाजाचा संबंध या विणकरांशी जोडता येणार नाही. हाताचा अनुभव अर्थ सुचवितो. व्युत्पत्तीचा निर्णय ध्वनिनियमांनी आणि लेखी पुराव्यानेच करावा लागतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली आणि प्राकृत या भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्याने अध्ययनाची जबाबदारी वाढली आहे. ताणा, बाणा, धोटा, फणी, पेळू हे शब्द जाणणाऱ्यांची पिढी मात्र सरत चालली आहे. हे शब्द गेले की जुन्या ग्रंथांतील विणकामाची वर्णने कोशातच राहतील, समजणार नाहीत. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शिलालेखांच्या वाचनाबरोबर एखादी टकळी जवळ ठेवावी आणि जाणत्या विणकरांकडून त्यांच्या वस्तूंची नावे, त्या वस्तू हाती घेऊनच, टिपून घ्यावीत.