रक्तविषाक्तता

रक्तविषाक्तता : औषधे व रसायने यांमुळे रक्तकोशिकांना किंवा त्या घडवणाऱ्या अस्थिमज्जेला होणारी इजा. बेंझीन दीर्घकाळ शरीरात गेल्यास मज्जा क्षीण होते, ल्युकेमियाही होतो. येथे धोका मात्रेबरोबर वाढतो. देवळ्यासारख्या (जि. नाशिक) कांदा पिकवणाऱ्या तालुक्यात लक्ष ठेवावे लागते ते नायट्रेटवर. पिकाला न लागलेला युरियातील नायट्रोजन नायट्रेटच्या रूपाने विहिरीत झिरपतो. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मर्यादा लिटरला 45 मिग्रॅ. आहे. त्याहून बरेच अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवल्यास तान्ह्या बाळाच्या रक्तात मेटहीमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारे हीमोग्लोबिन) साठू शकते. ओठ निळसर, रक्त चॉकलेटी दिसते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होते.

मात्रा सांभाळली की भागते, हा समज अपुरा आहे. क्लोरॅम्फिनिकॉल या प्रतिजैविकाच्या नेहमीच्या मात्रेनेही क्वचित मज्जा निकामी होते. हिवतापावरील प्रिमाक्विन बहुतेकांना मानवते. जी-6-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या कोशिका मात्र त्याने फुटतात, लघवी काळपट होते. मेटहीमोग्लोबिनवरील मिथिलीन ब्लू हा उताराही त्यांना घातक ठरू शकतो. म्हणजे इजा रसायनाइतकीच रक्ताच्या घडणीवरही अवलंबून असते. त्यामुळे उपयुक्त औषध सरसकट वर्ज्य करण्यापेक्षा ते देण्याआधी रक्ताची, आणि बाळाला पाजण्याआधी विहिरीच्या पाण्याची तपासणी करणे अधिक सयुक्तिक ठरते.