पास, एलटीसी आणि पॉइंट : नागपूरच्या स्वस्त सहलीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर सहल काढायची यात इतिहास कुठला? हा तर कालपरवाचा प्रकार. पण नागपुरातल्या जुन्या नोकरदार घरांत डोकावून बघा. ‘यंदा पास निघाला का?’, ‘तुमची एलटीसी बाकी आहे ना?’ हे प्रश्न तिथे तीन पिढ्यांपासून विचारले जातात. पॉइंट हा त्याच घराण्यातला सगळ्यात धाकटा. म्हणून आज आपण हे घराणं जरा नीट बघू. प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी विचारू : ही सवलत कशाच्या बदल्यात मिळते, आणि तिचे पैसे शेवटी कोण भरतं?

सुरुवात पचमढीपासून करू. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याचं मुख्य ठाणं झालं. नागपूरचा उन्हाळा साहेबांना सोसणारा नव्हता. त्यामुळे प्रांताचा कारभार उन्हाळ्यात सातपुड्यातल्या पचमढीला हलायचा. थंड हवा साहेबांना, आणि खर्च प्रांताच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून. नोकरीसोबत मिळणारा हवापालट आपल्याकडे असा सुरू झाला. तो अगदी वरच्या माणसांपुरता होता.

आता खालच्या माणसाकडे येऊ. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपुरात पोचली. कापूस इथलाच, गाडी दारात आली, तेव्हा जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळ गिरणी बांधली. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली, एम्प्रेस मिल. पण मालकांपुढे अडचण ही होती की कामगार रोज येत नव्हते. शेतीची कामं, सणवार, लग्नं. त्याच्या आयुष्याला भोंग्याची सवय नव्हती. दंड करून भागणार नाही हे जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी ओळखलं, आणि बक्षिसं सुरू केली. वर्षातून एकदा समारंभ, त्यात घड्याळं, साखळ्या, कापड, रोख पैसे. पुढे पेन्शन फंडही आला. कामगारांचं त्यात भलं झालं हे खरंच. पण त्या बक्षिसाची गंमत लक्षात घ्या, मंडळी. ते टिकून राहण्याबद्दल होतं. आज ज्याला ‘लॉयल्टी’ म्हणतात ना, ती नागपुरात दीडशे वर्षांपूर्वी गिरणीच्या हजेरीपटावर मोजली जात होती.

यानंतर रेल्वेचा पास. नागपुरात आज दोन रेल्वे विभाग आहेत, मध्य रेल्वेचा आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. त्यामुळे अजनी, मोतीबाग, इतवारी या बाजूंना रेल्वेची घरं किती, हे नागपूरकराला सांगायला नको. पासाची पद्धत कंपन्यांच्या काळापासूनची. आजचे नियम १९८६ चे. त्यांत तृतीय श्रेणीच्या कर्मचाऱ्याला पहिली पाच वर्षं वर्षाला एक संच, पुढे तीन. संच म्हणजे जाणं आणि येणं. त्याशिवाय एक तृतीयांश भाड्याची पीटीओ तिकिटं वेगळी. पासावर बायकोमुलं येतात, आणि नियमात बसत असेल तर अवलंबून असलेली विधवा आईसुद्धा. ज्या काळात नागपूरच्या सामान्य घराला लग्नकार्याशिवाय गाव सोडणं परवडत नव्हतं, त्या काळात रेल्वेतल्या फिटरची म्हातारी आई काशी आणि रामेश्वर करून आली, ती या पासावर. हे लहान काम नाही.

मग १९५६ साल. नागपूरला ते फार जड गेलेलं वर्ष. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचं राजधानीपण संपलं. त्याच ऑक्टोबरमध्ये दिल्लीहून केंद्र सरकारच्या गृहखात्याचा एक आदेश निघाला होता, रजा प्रवास सवलतीचा. हीच आपली एलटीसी. तिची कल्पना अशी की नोकरीसाठी माणूस गावापासून लांब पडला, तर त्याला घरच्यांसह गावी जाऊन यायचं भाडं सरकार देईल. म्हणून नियमात ‘स्वग्राम’ आलं. ते एकदा जाहीर करायचं, आणि पुढे सगळ्या नोकरीत फक्त एकदाच बदलता येतं. नंतर चार वर्षांच्या गटात एकदा देशात कुठेही जायची सोय झाली. राज्य सरकारनेही स्वग्राम आणि ‘महाराष्ट्र दर्शन’ अशा सवलती दिल्या. राजधानी गेली तरी टपाल, रेल्वे, प्राप्तिकर, महालेखापाल अशी कार्यालयं नागपुरात होतीच. त्यामुळे ‘चार वर्षांचा ब्लॉक संपत आला’ म्हणून घाईघाईने काढलेली कन्याकुमारीची किंवा काश्मीरची सहल हा इथल्या मध्यमवर्गाचा अनुभव झाला.

आता जरा थांबू आणि उलट्या बाजूने बघू. या सगळ्यात नव्हतं कोण? इतवारीतल्या दुकानातला नोकर. हातमागावरचा विणकर. सायकलरिक्षावाला. घरकाम करणारी बाई. त्यांचं कामही आयुष्यभराचं, पण ते कुठल्या हजेरीपटावर नाही. पास आणि एलटीसी कायम नोकरीला चिकटलेली होती. नोकरी नाही तर सहल नाही.

या मंडळींसाठी मार्ग होते ते सगळ्यांना खुले असलेले. रेल्वेचं चक्राकार तिकीट घ्या : जिथून निघालो तिथेच परत यायचं, वाटेत आठ ठिकाणी उतरायची मुभा, आणि अंतर वाढेल तसा किलोमीटरमागे दर कमी. किंवा आपल्या एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास, १९८८ पासूनचा. चार किंवा सात दिवसांचे पैसे एकदा भरा आणि हवं तिथे फिरा. अलीकडे, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. इथे कुणी विचारत नाही की तुम्ही किती वर्षं निष्ठा दाखवली. पण अशा सवलतीचा आधार सरकारी निर्णयच. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली, पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के मिळायची ती. अनेक घरांतली आजीआजोबांची यात्रा तेव्हापासून महाग झाली.

आणि आता पॉइंट. त्याचंही मूळ जुनं आहे. १८९६ साली अमेरिकेत स्पेरी आणि हचिन्सन यांनी हिरवी तिकिटं काढली. दुकानदार ती कंपनीकडून विकत घ्यायचा, गिऱ्हाइकाला खरेदीवर द्यायचा. वही भरली की गिऱ्हाईक वस्तू घेऊन जायचं. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने हीच युक्ती विमानाला लावली : आमच्याकडूनच उडा, मैल साठवा. मग बँका आल्या. विमान कंपनीकडून मैल घाऊक विकत घ्यायचे आणि कार्डावर वाटायचे. भारतात डायनर्स क्लबचं कार्ड १९६१ मध्ये आलं, सेंट्रल बँकेचं १९८० मध्ये. पण मध्यमवर्गाच्या पाकिटात कार्ड शिरलं ते १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून. २००६ मध्ये आयआरसीटीसी आणि स्टेट बँकेचं कार्ड निघालं आणि रेल्वे तिकिटावरही पॉइंट पडू लागले.

या सगळ्या इतिहासात आम्हाला सगळ्यात बोलकी वाटते ती तारीख १२ ऑक्टोबर २०२०. करोनामुळे कुणालाच प्रवास करता येत नव्हता. केंद्राने सांगितलं, एलटीसीच्या भाड्याचे पैसे घ्या, पण त्या भाड्याच्या तिप्पट रकमेची खरेदी करा, १२ टक्के किंवा जास्त जीएसटी असलेली, आणि पैसे डिजिटल भरा. आईबापाला गावी भेटता यावं म्हणून सुरू झालेली सवलत चौसष्ट वर्षांनी फ्रीज घेण्याची सवलत झाली! योजना तात्पुरती होती. पण बदल केवढा झाला ते तिच्यात दिसतं. आधी बक्षीस कामाबद्दल मिळायचं, आता खर्चाबद्दल.

मग हे पैसे भरतं कोण? एक, दुकानदार. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर त्याच्याकडून टक्केवारी कापली जाते आणि तो ती शक्य तितकी किमतीत घालतो. म्हणजे रोखीने घेणाराही आपल्या विमानाच्या तिकिटाला थोडा हातभार लावतो. दोन, ज्याचं बिल थकतं तो. आणि इथे हिशेब करूच. समजा, कार्ड खर्चावर एक टक्का परत देतं. एक लाख खर्च केले, हजार रुपयांचे पॉइंट झाले. आता त्यातले पन्नास हजार महिनाभर थकले, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. झाले १,७५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ३१५. एकूण २,०६५. एका महिन्यात हजाराची कमाई गेली आणि वर खिशातून हजार गेले. ‘किमान देय रक्कम’ भरली तरी व्याज थांबत नाही, उलट नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. वर्षाचा दर धरला तर ४२ टक्के. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा आता राखण आपली आपणच करायची.

आणखी एक फरक आहे. पासाचा नियम बदलायचा तर परिपत्रक निघतं, संघटना भांडते. पॉइंटाची किंमत कंपनी एका ईमेलने कमी करते. अनेक बँकांनी विमानतळावरच्या लाउंजलाही आता तिमाही खर्चाची अट घातली आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेजची विमानं जमिनीवर आली, तेव्हा मैल साठवून बसलेल्यांना कळलं की ज्या विमानासाठी साठवले तेच उरलं नाही. एलटीसी हक्काच्या जवळची गोष्ट आहे. पॉइंट ही मेहेरबानी आहे.

म्हणून पॉइंट वापरूच नका, असं आम्ही म्हणणार नाही. किराणा, शाळेची फी, विजेचं बिल हे खर्च होणारच आहेत. ते कार्डावर करून, बिल तारखेच्या आत पूर्ण भरून, कुणी दिवाळीत मुलांना समुद्र दाखवून आणत असेल तर छानच. साठवलेले पॉइंट मात्र लवकर वापरा, ते पिकत नाहीत, सडतात. आणि फक्त पॉइंटांसाठी एक रुपयाही जास्त खर्च करू नका. तो खर्च झाला की सहल स्वस्त राहत नाही.

जाता जाता एक सांगतो. जुम्मा तलावाला आता गांधीसागर म्हणतात. एम्प्रेस मिल बंद पडली, आणि तिच्या जागेवर आज एम्प्रेस मॉल आहे. जिथे हजेरीबद्दल बक्षीस मिळायचं, तिथे आता खरेदीबद्दल पॉइंट मिळतात. पुढच्या वेळी तिथे कार्ड पुढे कराल, तेव्हा सुरुवातीचे दोन प्रश्न आठवा : हे कशाच्या बदल्यात, आणि पैसे कोण भरतंय? दुसऱ्याचं उत्तर ‘आपणच’ असं आलं, तर कार्ड परत खिशात ठेवा.