ड्रमच्या पोटातली चिठ्ठी

अमेरिकेच्या यादवी युद्धातला (१८६१–६५) म्हणून विकायला येणारा, दोरीने आवळलेला मार्चिंग स्नेअर ड्रम दिसला की लोक आधी खोडावर रंगवलेला गरुड बघतात आणि त्यावरच किंमत ठरवतात. माझ्या मते पाहणी आतून सुरू व्हावी. खोडाला हवेसाठी एक छिद्र असतं. त्यातून उजेड टाकला की कधी कारखानदाराची छापील चिठ्ठी दिसते. उदाहरणार्थ, लष्कराला ड्रम पुरवणाऱ्या फिलाडेल्फियाच्या अर्नेस्ट फोग्ट यांची. गरुड मात्र कधीही रंगवता येतो. १८६६ साली स्थापन झालेल्या ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मिरवणुकांतही ड्रम वाजत. त्यांचा जुनेपणा खरा, पण तेवढ्याने ते रणांगणावरचे ठरत नाहीत.

चिठ्ठीही मागाहून चिकटवता येते, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून कागद आणि त्याभोवतीचं लाकूड सारखंच काळवंडलेलं आहे का, हे पाहावंच लागतं. पुडी बदलली म्हणून भाव पाडणं मात्र मला अन्यायाचं वाटतं. कातडं फाटणारच, आणि वाजवणारा ते बदलणारच. प्लॅस्टिकची पुडीसुद्धा एवढंच सांगते की १९५० च्या दशकानंतर कुणीतरी तो ड्रम वाजता ठेवला. खरं नुकसान होतं ते खोड घासून नव्याने रंगवल्यावर, कारण तो मूळ थर पुन्हा मिळत नाही.