पेशीपटलाचा शोध आणि मुंबईत घडलेले एक औषध

मे २०२१ आठवा. रायपूरच्या एम्समध्ये म्युकरमायकोसिसचे रुग्ण दाखल होत होते आणि देशभर लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनचा तुटवडा होता. यातील ‘लायपोसोमल’ या शब्दामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

१८९९ मध्ये झुरिक येथे अर्नेस्ट ओव्हरटन यांनी दाखवले की, तेलात विरघळणारे पदार्थ पेशीत लवकर शिरतात. म्हणजे पेशीचे आवरण स्निग्ध असले पाहिजे. १९२५ मध्ये लायडनच्या गॉर्टर आणि ग्रेन्डेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध पदार्थ वेगळे काढून पाण्यावर पसरवले. त्यांचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. निष्कर्ष सरळ होता: थर दोन आहेत. पुढे कळले की, त्यांचे स्निग्ध पदार्थ पूर्ण निघाले नव्हते आणि पेशीचे क्षेत्रफळही त्यांनी कमी धरले होते. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले!

दोन थर का? फॉस्फोलिपिडच्या रेणूचे डोके जलस्नेही, तर दोन शेपट्या जलविरोधी असतात. पाण्यात शेपट्या आत आणि डोकी बाहेर राहतात. ऑक्सिजन या थरांतून सहज जातो. सोडियम, पोटॅशियमसारख्या आयनांना मात्र प्रथिनांचे दरवाजे लागतात. ही प्रथिने थरात तरंगतात, हे चित्र सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले.

दरम्यान, १९६०च्या दशकात केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम यांना दिसले की, फॉस्फोलिपिड पाण्यात आपोआप बंद पिशव्या बनवतात. त्याच लायपोसोम.

आता मुंबईकडे वळू. ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटून छिद्रे पाडते. आयन गळतात, बुरशी मरते. पण आपल्या पटलातील कोलेस्टेरॉललाही ते थोडे चिकटते, आणि मूत्रपिंडाला इजा होते. औषध फॉस्फोलिपिडच्या थरात बसवले, तर ही इजा कमी होते. परदेशी लायपोसोमल औषध मात्र बहुतेक भारतीय रुग्णांना परवडणारे नव्हते. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठात प्रा. बिमल बच्छावत यांच्या गटांनी मिळून देशी औषध घडवले. वापरण्यापूर्वी त्याची कुपी ध्वनितरंगांच्या यंत्रात ४५ मिनिटे ठेवावी लागते. त्यामुळे पिशव्या लहान होतात. येथे जीवशास्त्र आणि अभियांत्रिकी एकत्र येतात.

लक्षात घ्या, या प्रयोगांत ओव्हरटन किंवा गॉर्टर यांच्यासमोर कोणत्याही रुग्णाच्या उपचाराचा प्रश्न नव्हता. त्यांचा प्रश्न एवढाच होता की, पेशीत काय शिरते आणि का. त्याच उत्तरावर २०२१ मध्ये अनेकांचा जीव अवलंबून होता.

विचार करा: गॉर्टर-ग्रेन्डेल यांना क्षेत्रफळ दुप्पट नव्हे, समान मिळाले असते, तर पाण्याने दोन्हीकडून वेढलेल्या त्या एकाच थराच्या शेपट्या कोणत्या बाजूला गेल्या असत्या?